बाबलकाकांच्या शिक्षा

माडाच्या झावळ्या गोळा कराव्यात, तोवर मागे आणखी दोन पडाव्यात, तसं आमच्या तंटामुक्त समितीचं आहे. एक किस्सा सांगून होईतो दुसरा तयार!

आचऱ्याच्या अलीकडची आमची वाडी. मी अंगणवाडीत शिकवते; समितीत बाई हवी म्हणून मला घेतलं. अध्यक्ष बाबलकाका, जेलमधून रिटायर झालेले शिपाई. एकटेच राहतात. पोलिसांकडे जाऊया म्हटलं की उसळतात, "उभो जल्म तुरुंगात काढलंय. मिया खंय सुधारलंय?"

*

पहिली केस नारळचोर गण्याची. काका म्हणाले, "जेचे नारळ चोरलंस, तेच्याच बागेची राखण कर."

चोरी बंद! पण आठवड्याने बागेचे मालकच धापा टाकत आले.

"माझोच पडलेलो नारळ माका उचलूक देणा नाय! म्हणता, अध्यक्षांची परवानगी खंय आसा?"

*

मग दोन सख्खे भाऊ. शेताच्या गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, डोकी फोडलेली, वर्षभर अबोला. शिक्षा अशी, की रोज दुपारी बाबलकाकांकडे एका ताटात जेवायचं. रांधणार स्वतः काका!

सुरुवातीला दोघे ताटाच्या दोन टोकांनी जेवायचे. एके दिवशी काकांनी बांगड्याची आमटी केली. धाकट्याने एक घास घेतला, तोंड वाकडं केलं आणि थोरल्याकडे बघितलं.

"दादानु, गडगो तुमचो! पण हयसून चला!"

*

विलास दारू पिऊन एसटीला आडवा झाला. त्याला शिक्षा शाळेत व्यसनमुक्तीवर भाषण करायची. असा बोलला, की बाई पदर डोळ्यांना लावत होत्या! पार तळेऱ्यापर्यंतच्या शाळांतून बोलावणी आली.

मी म्हटलं, "विलासभाऊ, आता तरी सोडा."

तो घाबरलाच. "सोडलंय तर बोलू काय?"

*

आणि मग बाबलकाकांची स्कूटर सुलाबायच्या वाळत घातलेल्या मासळीवरून गेली. सुलाबाय विधवा, मासळी विकून घर चालवणारी. ओट्यावर रडत बसली. काका आपणहून समितीपुढे उभे राहिले, मान खाली. अध्यक्षालाच शिक्षा कोण सुनावणार? शेवटी मीच विचारलं, "सुलाबाय, काय शिक्षा देऊची?"

तिने डोळे पुसले. "महिनाभर माका रोज बाजारात सोडूक सांगा. मासळीची पाटी घेवन!"

झालं! पुढे पाटी, मागे सुलाबाय आणि स्कूटरमागे वाडीतली सगळी मांजरं!

महिना संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दारात हॉर्न वाजला. मी शेजारच्या नळावर होते.

सुलाबाय बाहेर आली. "तुमची शिक्षा काल संपली मां वो?"

काका सरळ रस्त्याकडे बघत म्हणाले, "अपील केलंय. बस!"