रावसाहेब, मोह आणि माझा कोट

माझं लग्न एका रानडुकरानं जमवलं. (पत्रिकेत त्याचं नाव घालायचं राहून गेलं.)

हे डुक्कर स्वतःच्या पायांनी घरी आलं असतं, तर मायनं त्याला काठीनं हाकलून दिलं असतं. पण ते आलं बाबांच्या दुपट्ट्यात गुंडाळून. पन्नास सालानंतरची गोष्ट. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत, आणि चिमूरच्या अलीकडचं आमचं गाव जंगलात इतकं आत होतं, की कोणी काय पाळावं याला कायदा नव्हता आणि अक्कलही नव्हती. शेजारच्या गावात एकानं अस्वल पाळलं होतं, दुसऱ्यानं मोर. मग बाबांनी काऊन मागं राहावं? धानाच्या पेंढ्यांच्या पुंजण्याआड सापडलेलं ते पट्ट्यापट्ट्यांचं पिल्लू त्यांनी मायच्या पुढ्यात ठेवलं.

"हे काय आणलं जी?"

"डुक्कर होय."

"थे दिसून राह्यलं मले. काऊन आणलं, थे पुसून राह्यली."

"मायवेगळं लेकरू आहे वो. दोन दिस राहीन, जाईन."

ते दोन दिस काही संपले नाहीत. पिल्लाचे पट्टे गेले, सुळे आले, आणि सुळ्यांबरोबर रुबाबही आला. ते गल्लीतून निघालं की भले भले बाजूला होत, म्हणून त्याचं नाव पडलं रावसाहेब. रावसाहेबांनी परसातले कांदे उकरले, मग वांगी उकरली, मग उकरायला काही उरलं नाही म्हणून न्हाणी उकरली! एका दुपारी त्यांनी मोहाच्या वाळल्या फुलांचं गाडगं उलथं केलं. त्यानंतर जगात मोहाशिवाय त्यांना दुसरं काही गोड लागेना. बाबांना सगळ्याचंच कौतुक. "किती हुशार आहे पाह्य!" म्हणायचे. मी शाळेत होतो तेवढ्या सगळ्या वर्षांत हे वाक्य मी एकदाही ऐकलं नव्हतं.

आता आमची बैलजोडी. स्वभावानं संत. नांगराला जुंपली तरी उपकार केल्यासारखी चालायची. पण रावसाहेब मागून घुरघुरत आले, की हीच जोडी शेपट्या वर करून अशी सुटायची की गाडीत बसलेल्याला सगळे देव आठवत. हे पाहून एक दिवस बाबांच्या डोक्यात प्रकाश पडला. (आमच्या घरावरची संकटं अशीच यायची.)

"यंदा पटात उतरवू जोडी!"

पट म्हणजे आमच्याकडचा शंकरपट, बैलजोड्यांची शर्यत. शेजारी शेजारी दोन दाणी, म्हणजे धावायच्या दोन लांब पट्ट्या. एकेका दाणीतून एकेक जोडी सुटते. पण आमच्या झाडीपट्टीत पट नुसता बैलांसाठी नसतो. सगळे सोयरे गोळा होतात, आणि बैल पाहता पाहता लग्नाचे पोट्टे-पोट्टीही पाहून घेतात. त्या वर्षी पोंभुर्ण्याकडचे डोमाजीभाऊ लेकीला घेऊन मला पाहायला येणार होते. त्याआधी मला दोन नकार आले होते. पहिले म्हणाले, "पोट्टा बरा आहे, पण घरात डुक्कर आहे." दुसरे म्हणाले, "डुकराचं काही नाई जी, पण पोट्टा..."

डोमाजीभाऊ पटाचे वेडे. त्यांनी निरोपच धाडला, "जोडी पळाली तं पोट्टी देतो. ज्याले बैल नाई पळवता येत, त्याच्या घरी पोट्टी कायले देऊ?"

मायनं मला बजावलं, "या खेपेस हुकलं, तं तू, तुहा बाप आन् थे डुक्कर, तिघंबी जंगलात राहा."

तेव्हा बाबांनी योजना आखली. दाणीच्या शेवटाला मी मोहाचं टोपलं घेऊन उभं राहायचं. बाबांचा धाकटा भाऊ, आमचा सुकरूकाका, जोडी हाकणार. झेंडी पडली की जोडीच्या मागून बाबा रावसाहेबांची दोरी सोडणार. मोहासाठी रावसाहेब पळतील आणि रावसाहेबांच्या भीतीनं बैल! शेतात महिनाभर तालीम केली. एकदाही चूक झाली नाही. तिथंच मला शंका यायला हवी होती.

पटाच्या दिवशी मी नवं धोतर नेसलो, काकाचा कोट चढवला, फेटा बांधला. आता असा राजबिंडा माणूस हातात टोपलं घेऊन उभा राहिला तर कसं दिसेल? म्हणून मी एक शक्कल लढवली. टोपलं घरी ठेवलं आणि कोटाचे दोन्ही खिसे मोहानं गच्च भरले. वास तोच, काम तेच, आणि अब्रूही शाबूत! (कोणालाही न विचारता मी घेतलेला आयुष्यातला हा पहिला निर्णय.)

दाणीच्या शेवटाकडं निघालो तोच सुरुवातीच्या रेषेजवळून हाक आली. "या जी जावईबापू! इथी बसा!"

डोमाजीभाऊंनी 'जावई' म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? बसलो. पलीकडं त्यांची लेक कौसल्या बसली होती. तिनं एकदा माझ्या फुगलेल्या खिशांकडं पाहिलं. तिला वाटलं असणार, माणूस खात्यापित्या घरचा आहे. बाबा लांबून मला जोरजोरात हातवारे करत होते. मीही उठून त्यांना अदबीनं नमस्कार केला. पाव्हण्यांवर छाप पडावी!

झेंडी पडली. शेजारची जोडी सुटली. बाबांचा नाइलाज झाला, त्यांनी दोरी सोडली. रावसाहेबांनी नाक वर केलं, वास घेतला आणि बैलांना सोडून थेट माझ्याकडं वळले. बैलांनी मागं वळून पाहिलं. डुक्कर दुसऱ्या कामाला गेलंय याची खात्री केली आणि रवंथ सुरू केला.

"जावईबापू, थे तुमच्याकडंच येऊन राह्यलं!" डोमाजीभाऊ ओरडले.

"घरचंच आहे जी," मी म्हणालो, आणि पळालो.

पळणार कुठं? चहूकडं माणसं. मोकळी फक्त आमची दाण. धोतराचा सोगा एका हातात, फेटा सुटून मागं लोळतोय, फेट्याच्या मागं रावसाहेब! शेजारच्या दाणीत दुसरी जोडी चौखूर. सुकरूकाका बैलांमागं उभा राहून बोंबलत होता, "कोट फेक बे! कोट!" मला वाटलं, काकाला या वेळीसुद्धा कोटाची पडली आहे. बापा, असा राग आला मला त्याचा! मी कोट घट्ट धरला आणि आणखी जोरात पळालो.

शेवटची खूण मी त्या जोडीच्या आधी ओलांडली आणि आडवा झालो. रावसाहेबांनी दोन्ही खिसे निवांत रिकामे केले, अस्तरासकट, आणि माझ्या पोटावर मुंडकं टाकून पडले. मला रडू आलं. तिसरं स्थळही गेलं! आता जन्मभर मी, बाबा आणि हे डुक्कर.

डोमाजीभाऊ दाणीतून चालत आले. मागं बाबा, हात जोडून.

"जोडी नाई पळाली जी," बाबा पुटपुटले.

"नाई पळाली." डोमाजीभाऊ माझ्यापाशी बसले आणि बैल विकत घेताना पाहतात तशी त्यांनी माझी पोटरी दाबून पाहिली. "पण पोट्टा पळाला ना! बैलाच्या पुढं! काय वो कौसल्या, चालते काय?"

कौसल्यानं तोंडाला पदर लावला होता. ती हसत होती की काय, ते मला खालून दिसेना. पण मान हलली ती होकारार्थीच हलली.

पावसाळा लागला आणि रावसाहेब एका कळपाबरोबर जंगलात निघून गेले. बाबा दोन दिवस जेवले नाहीत. मलाही चुकल्यासारखं वाटलं, खोटं कायले बोलू?

आज इतक्या वर्षांनीही घरी कोणी पाव्हणे आले की कौसल्या ही गोष्ट सांगते. आणि शेवटी म्हणते, "बाबानं चाल पाहून देल्लं मले. मंग समजलं, हे बी त्याच बैलायच्या कोठ्यातले. मागं डुक्कर असल्याबिगर हलत नाईत!"

या आरोपाला उत्तर द्यायला मी खाटेवरून उठणारच असतो. पण मागं कोणी नसतं.