सकाळी आठचा देस

पाच इंची भिंतीपलीकडे गवई राहत असला, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. माळ्यावरच्या सामानासारखे आपोआप साठतात. भोसरीला आमच्या शेजारी सबनीस राहायचे. पंपाच्या कारखान्यात, टाइम ऑफिसात, कामगारांच्या हजेरीवर. तीन वर्षं टेंपररी. कायम करणं वेल्फेअरच्या साहेबांच्या हातात, आणि झेंडावंदनाला सबनिसांनी शास्त्रीय गायचं ही हौसही त्याच साहेबांची. माझं शिक्षण सातवीपर्यंत. रागांतला मला फक्त साहेबांचा कळायचा. पण काळजी कळायला शाळा लागत नाही.

*

पहिल्या पंधरा ऑगस्टला साहेब म्हणाले, "राग देस गा. नावातच देश आहे."

देस रात्रीचा, झेंडा सकाळी आठला. सबनिसांना जेवण जाईना. मी समजूत घातली, "अहो, रात्रीची आमटी सकाळी खातोच की आपण."

मी तंबोरा पाडल्यासारखं बघितलं त्यांनी माझ्याकडे.

गायले बिचारे, डोळे घट्ट मिटून. लोक म्हणाले, काय तल्लीन झालाय माणूस. त्यांची बायको सुलभा माझ्या कानात म्हणाली, "तल्लीन कसले, काकू. उजेड दिसू नये म्हणून मिटलेत."

*

सव्वीस जानेवारीला साहेबांनी भैरवी सांगितली, तीही झेंड्याच्या आधी. "सकाळची असते, मला माहितीये."

आता भैरवी म्हणजे कार्यक्रमाचा शेवट, हे भजनाला बसणाऱ्या प्रत्येक फिटरला ठाऊक. पहिली ओळ संपते न संपते तोच निम्मी माणसं उठली, नमस्कार केला आणि बुंदीच्या रांगेत जाऊन उभी राहिली. झेंडा अजून गुंडाळलेलाच!

"सबनीस, माणसं का उठली?"

"साहेब, भैरवीला उठतातच."

"मग बसवणारा राग गा."

त्या महिन्यात दोघं कायम झाले. त्यांत सबनीस नव्हते.

*

पुढच्या खेपेला साहेबांनी स्टॉपवॉचवाला इंजिनिअरच आणून बसवला, मशीनवरच्या कामाचा वेळ मोजायचा तो. त्यानं आलाप मोजला आणि लिहून दिलं, "पहिली सहा मिनिटं नुसतं सेटिंग. जॉब सुरूच होत नाही."

सुलभाला तेव्हा सातवा महिना. "काकू, तुम्ही तरी सांगा यांना. शाळेतलं एखादं समूहगीत बसवा म्हणावं."

मी सांगितलं. सबनीस म्हणाले, "गाणं सोडलं म्हणून नोकरी राहील, असं कुठंय काकू?"

*

मग मुंबईचे मोठे साहेब झेंडावंदनाला यायचे ठरले. सबनिसांनी देशकार काढला. नावात देश, आणि राग अस्सल सकाळचा. वेल्फेअरचे साहेब दचकलेच. "कार कशाला? आपण पंप बनवतो."

तरी गायले. संपल्यावर मोठे साहेब उठून पुढे आले. "वा, काय भूप गायलात."

सुलभानं माझं मनगट धरलं. तिनंच मला सांगितलं होतं, भूप आणि देशकार, दोन्हींचे सूर तेच, पण भूप संध्याकाळचा. नुसतं "थँक्यू सर" म्हटलं असतं तरी भागलं असतं. वेल्फेअरचे साहेब मागून तशा खुणाही करत होते.

सबनीस म्हणाले, "देशकार होता, साहेब. तुम्हाला भूप वाटला, म्हणजे माझंच कुठंतरी चुकलं."

मोठे साहेब आणखी जवळ आले.

"काम काय करता?"

"टाइम ऑफिस. टेंपररी."

मोठे साहेब वेल्फेअरच्या साहेबांकडे वळले. "लेट मार्क स्वतःच्या नावावर लावून घेणारा टाइमकीपर मी पहिल्यांदा बघतोय. हा टेंपररी कसा?"

सुलभानं हात सोडला, तेव्हा तिनं माझ्या दोन बांगड्या वाढवल्या होत्या.