आर्लिसच्या नावावर निघणारी यादी

आर्लिस,

या पत्राला उत्तर देऊ नकोस. देणार नाहीसच म्हणा. नऊ वर्षांत तुझं नाताळचं कार्डसुद्धा आलं नाही, आणि त्याबद्दल मी तुला दोष देत नाही. गावच्या ग्रंथालयाला आमच्या सहकारी संस्थेतल्या माणसांवरचे लेख हवेत, प्रत्येकाने एका माणसावर. लोक जुन्या अध्यक्षांवर लिहितायत, धान्याच्या कोठारावरून पडूनही वाचलेल्या त्या गड्यावर लिहितायत. मी तुझ्यावर लिहितेय. तुला सगळं ठाऊक आहे, वाचणाऱ्यांना नाही. तेव्हा आता थोडा वेळ तुझ्याशी न बोलता तुझ्याबद्दल बोलते. ते तुला कधीच आवडलं नाही. पण ऐक.

आर्लिस टोलफस्रूड शेतकऱ्यांच्या या संस्थेत टायपिस्ट म्हणून आली. मी तेव्हा ऑर्डर विभाग बघायची. खत, बियाणं, जनावरांचं खाद्य आणि घरं तापवायचा प्रोपेन गॅस, सगळ्याच्या ऑर्डरी फोनवर घ्यायच्या आणि कार्डांवर लिहायच्या. एखादं कार्ड हीटरच्या मागे पडलं की त्या शेतकऱ्याची पेरणी लांबली म्हणून समजा. अठ्ठ्याण्णव साली संचालकांनी ठरवलं की हे सगळं कॉम्प्युटरवर, वेबवर आणायचं. बाहेरच्या कंपनीने दीड वर्ष लागेल म्हणून सांगितलं. आर्लिस म्हणाली, "मी बघू का?"

सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला सांगू.

तिने एका प्लॅटफॉर्मचं विटेएवढं जाड पुस्तक मागवलं. त्यावर धंद्याला लागणारी वेब ॲप्लिकेशनं बनवायची, आणि ती सर्व्हरवर चालायची. दुसऱ्या भाषांत पानभर लिहावं लागे ते त्यात चार ओळींत व्हायचं, म्हणून तिने ते निवडलं. सबंध हिवाळा ती डबा खाताना ते पुस्तक वाचत होती. हॉटडिशचे, म्हणजे मांस-बटाट्याच्या भाजलेल्या जेवणाचे, डाग पडून त्याची पानं चिकटली होती. पहिल्या तीन ऑर्डरी पडद्यावर चालल्या त्या दिवशी संचालकांनी तिला बोलावून विचारलं, हे नक्की काय आहे?

"चर्चच्या तळघरातलं जेवण आठवा," ती म्हणाली. "तुम्ही खिडकीशी उभे राहता, ताट पुढे करता, ताट भरून येतं. आत कोण कांदे चिरतंय, कुठला ओव्हन बिघडलाय, तुम्हाला कळत नाही. मी आतली बाई."

"आणि आतली बाई आजारी पडली तर?" कुणीतरी विचारलं.

"मग उपाशी राहा," आर्लिस म्हणाली, आणि बार्सचा, घरच्या गोड वड्यांचा, डबा त्यांच्यापुढे सरकवला.

पाच वर्षांत संस्थेच्या अकरा शाखांतल्या काउंटरवरच्या सगळ्या बायका तिच्याच पानांवर काम करत होत्या. एखादं बटण चुकीच्या जागी आहे असं वाटलं की फोन करायचा. जेवायच्या सुट्टीआधी बटण हललेलं असायचं. तिने कधी कुणाला फॉर्म भरायला लावला नाही. एकदाच लावला, आणि तो मला. ते पुढे येईल.

तिचं सगळ्यात मोठं काम म्हणजे प्रोपेनची यादी. आमच्याकडे गॅस संपला म्हणून कुणी फोन करत नाही. टाकी भरलेली ठेवणं ही संस्थेची जबाबदारी. आर्लिसचं ॲप्लिकेशन रोजची थंडी बघायचं, कुठल्या घराची टाकी किती उतरली असेल त्याचा हिशोब करायचं, आणि पहाटे पाचला ट्रकवाल्यांची यादी तयार असायची. कुणी बटण दाबायचं नाही, कुणी जागं राहायचं नाही. मशीन आपणहून ते काम करायचं.

पण मशीनला असं काम द्यायचं तर ते कुणाच्या तरी नावाने चालावं लागतं. खातं आणि पासवर्ड. त्यासाठी कुणा माणसाचं नसलेलं, वेगळं खातं असावं, हा नियम. ऑक्टोबर दोन हजार चार. वेगळ्या खात्याला मुख्य कचेरीची मंजुरी, म्हणजे तीन आठवडे. आणि त्याच आठवड्यात पारा उतरायला लागला.

"तुझ्याच नावावर चालव ना," मी म्हटलं.

"व्हर्ना, असं करत नाहीत. मी नोकरी सोडली, मेले, पासवर्ड बंद झाला, की यादी बंद."

"तू कुठे मरतेयस? थंडी आलीये. खातं आलं की बदल."

"मग लिहून दे."

मी ऑर्डरचा पिवळा कागद ओढला आणि लिहिलं: प्रोपेनची यादी तूर्त आर्लिसच्या खात्यावर चालवावी, नवं खातं मिळाल्यावर बदलावी. खाली सही, तारीख. एक प्रत तिला, एक माझ्या फाइलला. मग नवं खातं मागायचं मी विसरले. तीही विसरली. या धंद्यात 'तूर्त' म्हणून केलेलं काम कुणी बंद करत नाही. जे चालतंय त्याला हात लावायला कुणाची छाती होत नाही. तिने दोनदा सर्व्हर बदलला, यादी तशीच नव्या मशीनवर नेली, आपल्याच नावासकट.

दोन हजार पंधरा साली ट्रेव्हर लिंडक्विस्ट व्यवस्थापक झाला. आर्लिसने त्याला चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवलेलं. त्याने नवी, तयार मिळणारी प्रणाली घ्यायचं ठरवलं.

"आर्लिस, तुमचा हा प्लॅटफॉर्म मेलाय. जगात कुणी वापरत नाही आता," तो बैठकीत म्हणाला.

"मेलेलं रोज पहाटे पाचला उठतंय, ट्रेव्हर. तू किती वाजता उठतोस?"

हशा पिकला. ट्रेव्हर हसला नाही. मी ते पाहिलं होतं.

काही दिवसांनी त्याने मला केबिनमध्ये बोलावलं. "व्हर्ना, तुमचं ती ऐकते. तिला म्हणावं, ॲप्लिकेशनं आतून कशी चालतात ते सगळं लिहून द्या. नव्या प्रणालीत तिची जागा पक्की आहे. माझा शब्द."

मी त्याचा शब्द तिच्यापर्यंत नेला. माझा म्हणून नेला, कारण त्याचा म्हणून तिने घेतला नसता.

"तू सांगतेयस म्हणून," ती म्हणाली, आणि लिहायला बसली. दोनशे चौदा पानं. कुठला नियम कुणाच्या हट्टाने आला तेही लिहिलं. 'हे व्हर्नाच्या आग्रहावरून' असं एकतीस ठिकाणी होतं, मी मोजलं. पुढच्या वर्षी जानेवारीतल्या एका गुरुवारी तिने शेवटचं पान दिलं. दुपारी तीनला तिला खोक्यात सामान भरायला सांगितलं. चारला तिचं खातं बंद झालं. मी केबिनमध्ये गेले तेव्हा ट्रेव्हर म्हणाला, "जागा होती. आता नाहीये. असं होतं, व्हर्ना." मला आमिष म्हणून लावलं होतं, आणि आमिषाला ते शेवटपर्यंत कळलं नव्हतं.

शुक्रवारी पहाटे यादी कोरी. पारा उणे बावीस. ट्रकवाला ड्वेन फोनवर ओरडत होता, "आज कुणाकडेच गॅस लागत नाही की काय? सगळे फ्लोरिडाला गेले?" नव्या प्रणालीत प्रोपेन वसंतात येणार होता. ड्वेन आणि बाकीचे आठवणीवर ट्रक फिरवत राहिले. सात घरांची टाकी संपली. ऑस्टबी नवराबायको, दोघंही ऐंशीच्या पुढचे, कोट घालून स्वयंपाकघरात बसून होते; त्यांच्या घरातले पाइप फुटले.

ऑस्टबीबाईंच्या बहिणीकडून ते आर्लिसला शनिवारी सकाळी कळलं. कुणी बोलावलं नसताना तिने नव्या प्रणालीच्या कंपनीतल्या माणसाला फोन केला. "वेगळं खातं काढ. कामाच्या पानावर माझं नाव आहे ते खोड, नवं घाल. चालू कर." पाच मिनिटं. दुपारी ट्रक यादी घेऊन निघाले.

आणि तेच तिच्यावर उलटलं. ट्रेव्हरने संचालकांना सांगितलं: तिला नेमकं कुठे काय अडलंय ते ठाऊक होतं, म्हणजे तिनेच अडकवून ठेवलं होतं. जाताना यादी मारून गेली. तिच्या कागदपत्रांत 'हेतुपुरस्सर नुकसान' असं लिहिलं गेलं. पुढे जिल्हा रुग्णालयाच्या कचेरीत तिची नोकरी जवळजवळ ठरली. त्यांनी इकडे विचारलं आणि मग तिला फोनच केला नाही. आणि त्या लगेचच्या रविवारी चर्चच्या तळघरात ती वाढायला खिडकीशी उभी राहिली, तर माणसं दुसऱ्या खिडकीकडे वळली. अकरा वर्षं त्या बाईने या गावाची घरं गरम ठेवली होती.

सोमवारी ती माझ्या दारात आली. बूटही काढले नाहीत.

"पिवळा कागद आठवतो?"

"आठवतो."

"माझी प्रत त्या खोक्यात नाही. कचेरीच्या फाइली त्यांनी ठेवून घेतल्या. तुझी आहे?"

"बघते."

"उद्या सहाला संचालकांची बैठक आहे. कागद ग्लोरियाच्या हातात दे. ती सचिव आहे, तिला वाचावाच लागेल. तू एक अक्षर बोलू नकोस. तुझं हस्ताक्षर बोलेल."

"ये, कॉफी घे."

"उद्या, व्हर्ना," ती म्हणाली. "नंतर कॉफी."

कागद फाइलमध्ये होता. मंगळवारी दुपारी ट्रेव्हरने मला विचारलं, "ते काम तिच्या नावावर चालवायला तुमच्या विभागातून कुणी सांगितलं होतं का?" माझ्या निवृत्तीला अकरा महिने होते. माझ्या नवऱ्याचं, हार्लनचं, डायलिसिस माझ्या नोकरीच्या विम्यावर चालू होतं. हे मी कारण म्हणून सांगतेय, माफी म्हणून नाही. मी म्हटलं, "आठवत नाही."

तो म्हणाला, "मला वाटलंच." आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू त्याला सगळं ठाऊक होतं.

सहाला मी गाडी घेऊन गेले. संस्थेच्या आवारात, इंजिन चालू ठेवून, वीस मिनिटं बसले. वरच्या खिडकीत ग्लोरियाचं डोकं दिसत होतं. तू जिन्याखाली उभी होतीस, आर्लिस, निळी टोपी घालून, माझ्या गाडीकडे बघत. हात वर केलास. मी गाडी मागे घेतली.

मार्चमध्ये तू डुलुथ शहरात लेकीकडे गेलीस. हार्लन त्याच वर्षी गेला, विमा असूनही. ट्रेव्हरने दोन वर्षांत संस्था मोठ्या संस्थेला विकली आणि तो ॲरिझोनाला गेला. आता त्याच्या केबिनमध्ये दातांचा डॉक्टर बसतो. ट्रेव्हरवर मी कितीही रागावू शकते, आणि रागावतेही. त्याने मला फसवलं. पण तू जिन्याखाली त्याची वाट बघत उभी नव्हतीस.

हे छापून आलं की सगळ्यांना कळेल, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण हे म्हणजे ते काम नव्हे. तू सांगितलं होतंस, ग्लोरियाच्या हातात दे. ग्लोरिया अजून इथेच राहते, माझ्यापासून तीन घरं सोडून. सकाळी ती अंगणातला बर्फ काढत होती, मला हात केला. कागद स्वयंपाकघरातल्या खणात आहे, लेफ्से, बटाट्याच्या पातळ पोळ्या, उलटायच्या काठीखाली. मी खण उघडला, काठी बाजूला केली, कागद बघितला. आणि खण लावून टाकला.

व्हर्ना