आज किती पानं?

मावशी गेल्याचं मला गुरुग्रामच्या ऑफिसात, चौदाव्या मजल्यावर कळलं. समोरच्या स्क्रीनवर कुठल्याशा कंपनीचं पुढच्या तीन वर्षांचं भाकीत मांडलेलं होतं (भाकितं करणं हाच आता माझा पोटापाण्याचा धंदा आहे), आणि मेसच्या जुन्या ग्रुपवर रझियाचा मेसेज आला : 'हिरामावशी गेल्या. सकाळी. संतोषला कळवलंय.' रझिया उदगीरची. माझ्याबरोबरच यूपीएससीच्या तयारीला दिल्लीत आलेली, आता कोपर्निकस मार्गावर राज्याच्या अतिथिगृहात नोकरीला आहे. मी तिला फोन लावला आणि पहिलं विचारलं, "तो येतोय का?" ती म्हणाली, "कसा येणार रे?" पाच आठवडे होऊन गेले, पण तिचं ते "कसा येणार रे" डोक्यातून जात नाही.

ओल्ड राजेंद्र नगरच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर मावशींची मेस. मूळच्या बार्शीकडच्या. नवरा गेल्यावर जावेला, म्हणजे विमलकाकूंना, बरोबर घेऊन त्या दिल्लीत आल्या आणि परीक्षेची तयारी करणाऱ्या मराठी पोरांना जेवू घालू लागल्या. रोज राजमा-चावल खाऊन विटलेल्या जिवाला तिथली शेंगदाण्याची आमटी आणि भाकरी म्हणजे काय होतं, ते मी काय सांगावं! सगळ्यांना त्या 'साहेब' म्हणायच्या. "साहेब, भाकरी टाकून उठायचं नाही. कलेक्टर झालास की टाक." मी चार वेळा परीक्षा दिली, चारही वेळा आपटलो, तरी माझं 'साहेब' काही सुटलं नाही.

त्यांचा एकुलता एक संतोष याच स्वयंपाकघरात हात भाजून घेत तयार झाला आणि एका ठेकेदार कंपनीमार्फत परदेशातल्या लष्करी तळावर आचारी म्हणून गेला. फौज एका बड्या देशाची, युद्ध भलत्याच देशात, आणि भात शिजवणारा आमचा बार्शीचा! रोज दुपारी अडीचला, शेवटची पंगत उठली की फळीवरचा मावशींचा फोन वाजायचा. कसा आहेस, बरी आहेस का, असलं काही नाही. "आज किती पानं?" असं आधी तो विचारायचा. "साठ. तुझी?" "बाराशे." "मीठ बेतानं टाक रे बाबा." झालं, फोन बंद. दोन आचाऱ्यांचं बोलणं ते. पण तेवढ्यावर मावशींचा पुढचा दिवस निघायचा.

गेल्या वर्षी संतोषचा करार संपत आला. कंपनी म्हणत होती, अजून एक वर्ष काढ, मग दुसऱ्या एखाद्या शांत देशात चांगल्या हॉटेलात लावून देतो. त्याला राहायचं होतं, मावशींना त्याला बोलावून घ्यायचं होतं. आणि सल्ला विचारला कुणाला, तर मला! कारण आंतरराष्ट्रीय संबंध हा 'माझा' विषय, त्यावर बोलायला लागलो की माझ्या पुढ्यातली आमटी गार व्हायची. तोवर मला नोकरी लागली होती, पण रविवारचं जेवण मेसमध्येच. मी उष्ट्या हातानंच सुरू झालो. तिकडची जनता या युद्धाला विटलीय, रोज मोर्चे निघतायत. सैनिक परत आणतो असं सांगूनच तो अध्यक्ष निवडून आलाय, आता युद्ध वाढवणं त्याला झेपणारच नाही. "सहा महिन्यांत गाशा गुंडाळतायत बघा मावशी. बिल्कुल! राहू दे त्याला." परीक्षेत मी उत्तरं अशीच लिहायचो. चार मुद्दे, चार प्रतिमुद्दे आणि शेवटी छानसा आशावादी निष्कर्ष. तिथं चुकलं तर फक्त आपले गुण जातात. मावशींना 'बोलवा त्याला' एवढंच ऐकायचं होतं, हे मला आज कळतंय. "तू एवढा शिकलेला, तू म्हणतोस तर राहू दे," त्या म्हणाल्या. संतोषनं सही केली.

तीन महिन्यांनी एका रविवारी फोन ठेवून मावशी तशाच ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. "बाराशेची अडीच हजार पानं झाली म्हणतोय. साहेब, नवी पानं मांडली की पंगत एवढ्यात उठत नसते." मी म्हटलं, "अहो, काहीतरी तात्पुरतं असेल." बुधवारी तो अध्यक्ष टीव्हीवर आला. मागं झेंडे, भांग नीट पाडलेला. आणखी फौज पाठवतोय म्हणाला, थोड्याच काळासाठी, शेवटचा जोर लावायला. मोठमोठे विश्लेषक चकित झाले. मावशींना ते तीन दिवस आधीच कळलेलं होतं. पुढं तळावर रॉकेटं पडू लागली, कंपनीनं सगळ्यांच्या सुट्ट्या बंद केल्या. पासपोर्ट कंपनीच्याच कपाटात.

त्यानंतर दर रविवारी ताट वाढताना त्या विचारायच्या, "काय म्हणतोय रे तुझा अध्यक्ष?" तुझा! तेही हसून. एकदा मला राहवलं नाही, म्हटलं, "मावशी, माझं चुकलं." "गप जेव. तुझ्या सांगण्यानं होतंय होय युद्ध?" त्यापेक्षा चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. पावसाळ्यात त्यांना जिना चढवेना. हृदयाची झडप निकामी होत चालली होती, डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लवकर करा. मावशींचं एकच, "संतोष आला की करू." रझियानं समजावलं, विमलकाकू रडल्या, मी पाया पडलो. "येईल रे. तूच म्हणालास ना, सहा महिन्यांत..." टोमणा नव्हता तो. त्यांनी खरंच धरून ठेवलं होतं माझं वाक्य.

स्मशानात विमलकाकू म्हणाल्या, "अग्नी तू दे. तिचा लाडका होतास." मी मागं सरकलो. माझ्यानं ते होणं शक्य नव्हतं. शेवटी काकूंनीच दिला, आणि मी संतोषला दिसावं म्हणून फोन धरून उभा राहिलो. तो अॅप्रन घालूनच उभा होता, मागं भली मोठी पातेली. मध्येच तिकडं भोंगा वाजला आणि स्क्रीन काळी झाली. आईला जळताना धड बघूही दिलं नाही त्याला. त्या अध्यक्षाचा मला संताप येतो, येतोच. पण त्याला हिरामावशी ठाऊक नव्हत्या. मला होत्या.

मागच्या रविवारी मेसमध्ये गेलो. काकूंनी चालू ठेवलीय. आमटीला चव तीच, फक्त ताट वाढताना कुणी काही विचारलं नाही. अडीचला फळीवरचा तो फोन वाजला. काकूंचे हात पिठात होते. "घे साहेब," त्या म्हणाल्या.

"आज किती पानं?" संतोषनं विचारलं.

मी मोजली. "चोपन्न. तुझी?"

"चार हजार." मागं भांड्यांचा आवाज. "दादा, तुझा तर अभ्यास आहे यातला. तुला काय वाटतं, कधी संपेल?"

काकू माझ्याकडे बघत होत्या. उशिरा जेवायला बसलेली दोन-चार पोरंही हात थांबवून बघत होती.

"मीठ बेतानं टाक रे बाबा," मी म्हणालो.