व्हिएन्नातलं कोरं तिकीट

दुबईत एकवीस वर्षं राहून मी एकदाही दंड भरलेला नाही. ना पार्किंगचा, ना मेट्रोचा. हे मी पूर्वी लोकांना सांगत असे. आता सांगत नाही.

मुलीला व्हिएन्नात आर्किटेक्चर शिकायचं होतं. अल कुसैसच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत बसून ती दोन वर्षं समोरच्या इमारती, गच्चीवरच्या टाक्या, एसीचे डबे काढत होती. व्हिएन्नातल्या एका कॉलेजने ती चित्रं पाहून तिला प्रवेशपरीक्षेला बोलावलं. मंगळवार, सकाळी नऊ. नऊनंतर दार बंद होईल आणि कोणालाही आत घेणार नाही, असं पत्रात ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

आम्ही तिघं रविवारी पोचलो. स्टेशनवरच्या मशीनमधून मी बहात्तर तासांची तीन तिकिटं काढली. ट्रेन, ट्राम, बस, सगळ्याला एकच तिकीट. जिन्यापाशी एक निळा डबा होता. लोक त्यात तिकीट घालत, खट् आवाज होई आणि ते पुढे जात.

"बाबा, दे आर पुटिंग देअर टिकेट्स इन दॅट," मुलगी म्हणाली.

"बॅलन्स संपला असेल, टॉप-अप करत असतील. आपले पूर्ण पैसे भरलेत. आणि मशीनने गिळलं तर?"

दुबईत कार्ड टेकवलं की गेट उघडतं, पैसे नसतील तर उघडत नाही. इथे गेटच नव्हतं. जिथे गेट नाही तिथे काही करायचंही नसणार, असा माझा सरळ हिशेब. तिकिटं मी पासपोर्टांबरोबर प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवली, घडी न पडता.

सोमवारी रंगीत तालीम केली, सगळ्या वेळा वहीत टिपल्या. भुयारी ट्रेन नऊ मिनिटं, ट्राम चौदा, बस सहा, चालणं पाच. बदलायचा वेळ धरून एकेचाळीस.

"उद्याच्या दिवस टॅक्सी करू या का?" बायको म्हणाली.

"टॅक्सी सिग्नलला अडकते. ट्रामचं टाइमटेबल असतं."

मंगळवारी सात पन्नासला हॉटेल सोडलं. ट्राम आठ वाजून सात मिनिटांनी आली. दोन-तीन स्टॉप गेल्यावर साध्या कपड्यांतल्या एका माणसाने ओळखपत्र दाखवलं आणि तिकिटं मागितली. मी फोल्डर उघडून अभिमानाने पुढे केलं.

"यांवर शिक्का नाही," तो इंग्रजीत म्हणाला. "ही कोरी आहेत."

मी रविवारची पावती काढली. तारीख, वेळ, सगळं होतं तीत.

"म्हणजे तीन दिवस तुम्ही कोऱ्या तिकिटांवर फिरताय?"

त्याने आम्हाला पुढच्या स्टॉपवर उतरवलं. निळा डबा तिकीट सुरू करण्यासाठी असतो, शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, दंड माणशी वेगळा. रक्कम मी सवयीने आधी दिरहममध्ये केली, मग रुपयांत. पण मी अडलो तो पैशांवर नाही.

"दंड भरतो. पण आम्ही फसवलेलं नाही, असं पावतीवर लिहा."

"सर, पावतीवर तसा रकाना नाही."

"मग तुमच्या वरिष्ठांना फोन लावा."

"अहो, द्या ना त्याला काय हवं ते!" बायको म्हणाली. "पोरीची परीक्षा आहे."

"चोर म्हणून मी पैसे देणार नाही."

"बाबा, प्लीज. जस्ट पे." मुलीने चित्रांची नळी छातीशी धरली होती.

फुटपाथवर मी तेवीस मिनिटं वाद घातला. शेवटी भरले, तिघांचेही, तसेच, रकान्याशिवाय. टॅक्सी दिसेना. पुढची ट्राम, मग बस, मग धावत गेलो. नऊ वाजून चार मिनिटं झाली होती. काचेच्या दारामागच्या बाईंनी घड्याळाकडे बोट दाखवून मान हलवली. रागाने नव्हे. त्यांच्या मागे मुलं फळ्यांवर कागद लावताना दिसत होती.

"इट्स ओके, बाबा," मुलगी म्हणाली. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

परतताना मी तिन्ही तिकिटं निळ्या डब्यात घातली. खट्, खट्, खट्. आमचे बहात्तर तास तेव्हा सुरू झाले. विमान दुसऱ्या दिवशी दुपारचं होतं.

पुढच्या वर्षी तिने अर्ज केला नाही. मी फॉर्म छापून तिच्या टेबलावर ठेवला होता. तो तिथेच राहिला. आता ती शारजाहात इंटिरियर डिझाइन शिकते. बाल्कनीत आम्ही कपडे वाळत घालतो.

गेल्या महिन्यात माझा मावसभाऊ अबू धाबीहून, मोहम्मद बिन झायद सिटीतून, जेवायला आला होता. आमटी ओरपता ओरपता त्याने तिला विचारलं, "काय गं, व्हिएन्नाला जाणार होतीस ना? एकदम खलास?"

"ट्राम वॉज लेट, काका," ती म्हणाली आणि त्याला पोळी वाढली.

"घ्या! आणि आपण त्या गोऱ्यांच्या टाइमटेबलाची आरती ओवाळतो." तो माझ्याकडे वळला. "तू कसा रे फसलास? तू तर विमानतळावर चार तास आधी जाऊन बसणारा माणूस."

बायको उठून ताक आणायला गेली. मुलीने माझ्याकडे पाहिलं नाही.

ती ट्राम आठ वाजून सात मिनिटांनी आली होती. बोर्डावर तीच वेळ होती. माझ्या वहीतही तीच आहे.

"हो ना," मी म्हणालो. "बराच उशीर झाला तिला."