हंसाबाईचं दुसरं वावर

विठ्ठलराव त्या दिवशी आर्णीला गेले ते सुनेचा मोबाइल घेऊन. चार्जिंगची पिन सैल झाली होती. गेले म्हणजे काय, पोरानं, रजतनं, गाडीवर मागं बसवलं आणि अमरच्या दुकानासमोर उतरवून दिलं. म्हातारा हल्ली जिथं ठेवावा तिथं राहत असे. बायको जाऊन चार महिने होत आले होते. या माणसानं ना डोळ्यातून टिपूस काढलं, ना कुणावर खेकसला. वाढलं तर जेवायचं, ऊठ म्हटलं की उठायचं. घरचा कापूस विकला गेला तेव्हा भाव काय लागला हेसुद्धा विचारलं नाही, आणि यवतमाळकडच्या शेतकऱ्यानं कापसाचा भाव विचारू नये म्हणजे, बापा, हद्द झाली.

अमर कुणाच्या तरी मोबाइलची पाठ खोलून बसला होता. विठ्ठलराव स्टुलावर बसले आणि काचेच्या कपाटाकडे बघत राहिले, कारण समोर दुसरं बघायला काही नव्हतं. जुने मोबाइल, इअरफोन, चार्जर, आणि त्यांच्या मधोमध ते. निळं, मधे पडदा, दोन्ही अंगाला बटणं, एक कोपरा घासलेला.

"हे विकाले हाय का?"

"हो ना काका. सेकंड हँड हाय, पन चालते फस्क्लास. यवतमाळच्या एका पोराचा गेम होय, तो नोकरीले लागला अन् टाकून गेला." अमरनं मान वर केली. "कोनासाठी? नातवाले का?"

"हो," विठ्ठलराव म्हणाले. हे साफ खोटं होतं. नातू म्हणजे लेकीचा आयुष, तो नागपूरला. त्याच्या हातात आता भलामोठा मोबाइल आला होता, असल्या मशीनकडे तो ढुंकून बघत नव्हता.

"त्यात ते... वावर असते का?"

"वावर?" अमरला हसू आलं. "शेतीचा गेम म्हनता? हाय ना. पन पोरायले तो नाही आवडत काका. पोरायले मारामारी लागते."

असं म्हणत त्यानं मशीन चालू करून त्यांच्यापुढं धरलं. पडद्यावर हिरवं वावर उघडलं, कडेला लाल कौलांचं घर, दारात कोंबड्या. विठ्ठलरावांनी ते पाहिलं. आता आपल्याला काहीतरी वाटेल म्हणून ते थांबले, पण काही वाटलं नाही. दाताच्या डॉक्टरनं सुई मारल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तसं आतलं सगळं झालं होतं. "ठेव," एवढंच बोलून ते उठले आणि चालू लागले. सुनेचा मोबाइल तिथंच राहिला. तो आणायला रजतला परत फिरावं लागलं आणि तो दिवसभर धुसफुसत राहिला.

आता त्यांच्या बायकोचं, हंसाबाईचं सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा कसला म्हातारा, गेम बघून पळतो!

हंसाबाईचा जन्म वावरात गेला. निंदण, वेचणी, तुरीची सोंगणी, पुन्हा निंदण. मागच्या उन्हाळ्यात आयुष सुट्टीत आला तो असलंच एक मशीन घेऊन. पोरं आंबे पाडायला पळाली आणि ते बाजेवर पडून राहिलं. हंसाबाईनं सहज उचललं. उचललं ते काही खाली ठेवलं नाही. आयुषनं आजीला दोन दिवसांत शिकवलं आणि मग स्वतःच्याच मशीनसाठी आजीच्या मागं मागं फिरायची पाळी त्याच्यावर आली. त्यात पेरलं की दोन मिनिटांत उगवायचं. बोंडअळी नाही, रानडुकरं नाहीत, मोटरीसाठी विजेच्या लाईनची वाट बघणं नाही. आणि या बाईनं त्या अख्ख्या वावरात लावलं काय? तर फुलं!

"अवं, फुलं कायले लावून राह्यली?" विठ्ठलराव बाजूला बसून सल्ला देत. "सोयाबीन लाव, पैसे येतीन."

"तुमच्या वावरात तुमी म्हनलं ते लावलं ना जन्मभर?" हंसाबाई बटणं दाबता दाबता म्हणाली. "हे वावर माह्यं हाय. इथं माह्या मनानं."

तिकडं चुलीवर वरण लागलं, घरभर वास सुटला, आणि सगळे पोट धरून हसले. हंसाबाईसुद्धा.

सुट्टी संपली. आयुष गेला, मशीन गेलं. दिवाळीच्या खरेदीला दोघं यवतमाळला गेली तेव्हा हंसाबाई एका दुकानापुढं रेंगाळली. काचेआड तसंच काहीतरी मांडलं होतं. "आपन एक घेतलं तर?" ती हळूच म्हणाली. विठ्ठलराव म्हणाले, "याड लागलं का तुले? नातवंडायची आजी तू. लोक हासतीन." "ते बी खरं हाय," असं म्हणून ती चालू लागली. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही. पौषातल्या एका सकाळी अंगणात उन्हाला बसली, ती बसल्या जागीच गेली.

दहाव्या दिवशी अरुणावतीच्या काठी पिंड ठेवला. कावळे नव्हते असं नाही. बाभळीवर ओळीनं बसले होते, पण एक खाली उतरेल तर शपथ. मग सुरू झालं जे सगळीकडं सुरू होतं. गेलेल्याचा जीव ज्यात अडकला ते कुणीतरी बोलून कबूल करायचं, तेव्हा कावळा शिवतो. रजत म्हणाला, "माय, माहूरले जाऊन तुह्या नावानं ओटी भरतो." कावळे ढिम्म. कुणी म्हणालं कालवड द्या, कुणी म्हणालं देवळाला थंड पाण्याची टाकी द्या. सगळं कबूल केलं. काही नाही.

तेव्हा विठ्ठलरावांची बहीण इंदुताई पुढं झाली. ही बाई बोलायला कधी मागं राहिलेली कुणी पाहिली नाही. "सून तोंडी लागली होती जायच्या आधी," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "थेच खात असन तिले. अर्पिता, पाया पड, माफी माग."

अर्पिता तोंडी लागली होती म्हणजे काय, तर अंगणातला नळ वाहत राहिला म्हणून बोलली होती, "आई, ध्यान कुठं असते तुमचं?" बस, एवढंच. ती बिचारी ओल्या वाळूत गुडघे टेकून हात जोडून बसली आणि माफी मागत राहिली. कावळे हलले नाहीत. जमलेली मंडळी मात्र कावळ्यांकडं बघायची सोडून तिच्याकडं बघायला लागली.

विठ्ठलरावांना ठाऊक होतं. कावळा उतरेना तेव्हाच कळलं होतं. शब्द अगदी जिभेवर होते: तुले ते मशीन घेऊन देतो. पण सारं गाव उभं, सोयरे उभे, व्याही उभे. साठीच्या बाईचा जीव लेकरांच्या गेमात अडकला हे कोणत्या तोंडानं सांगायचं? ते गप्प राहिले. ऊन चढलं, लोकांना भुका लागल्या, शेवटी क्रिया करणाऱ्या महाराजांनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला शिववला, आणि मंडळी जेवायला निघाली.

तेव्हापासून घरानं कबूल केलेलं फेडायचा सपाटा लावला. माहूर झालं, कालवड झाली. जिला माठाशिवाय दुसरं पाणी गोड लागलं नाही, तिच्या नावानं देवळात थंड पाण्याची टाकी बसली. विठ्ठलराव सगळीकडं जाऊन बसत, नारळ हातात दिला की फोडत. आणि अर्पिता? ती पोर दिवसातून दहादा नळ घट्ट करून बघायची. सासूचा फोटो पुसायचं काम तिनं रजतवर टाकलं होतं. वावरातली मोटर जळाली तेव्हा इंदुताईचा फोन आला, "तिचं मन शांत नाही ना, बापा," आणि फोन नेमका स्पीकरवर होता. अर्पिता भाकरी थापत होती, तिनं मान वर केली नाही. विठ्ठलराव समोरच बसले होते. त्यांनी पुढची भाकरी घेतली आणि खाल्ली.

पण आर्णीच्या त्या फेरीनंतर एक गोष्ट झाली. म्हातारा दुपारचा लिंबाखाली पडला की झोप लागेना. ते मशीन घ्यायचं तर कशाला घ्यायचं? मेलेलं माणूस काय खेळते? बरं, नावानं ठेवायला घ्यायचं तर ते वापरलेलं. गेलेल्याच्या नावानं जे द्यायचं ते कोरं लागतं. लुगडं कोरं, घागर कोरी. दुसऱ्याच्या हातचं उतरलेलं ठेवलं तर ते पोचते का? एकदा रजतबरोबर आर्णीला गेले तेव्हा त्यांनी अमरला विचारूनही घेतलं, "नवं भेटन का असंच?"

"नाही काका. कंपनीनं औंदाच बंद केलं. आता भेटन तर जुनंच."

झालं, सुटलो, असं त्यांना वाटलं असतं तर बरं होतं. तसंही वाटलं नाही. कारण कोरं की वापरलेलं हा खरा घोळ नव्हताच, आणि हे म्हाताऱ्याला पक्कं कळत होतं. मशीन घरात आणलं की लोक विचारणार, हे कायले आणलं? मग बोलावं लागणार. आणि न बोलता कपाटात दडवून ठेवायचं, तर त्यापेक्षा अमरचं कपाट काय वाईट?

अक्षय तृतीया जवळ आली. हंसाबाई गेल्यानंतरची पहिली, म्हणजे तिच्या नावानं घागर भरायची, सवाष्ण जेवू घालायची. इंदुताई दोन दिवस आधीच येऊन बसली आणि येताच फर्मान काढलं, "निवद मीच करीन. अर्पिताच्या हातचा नको. नदीवर पाह्यलं नाही का सगळ्यायनं?" अर्पिता शेवयांसाठी रवा भिजवत होती. तिनं हात पुसले, पातेलं इंदुताईपुढं सरकवलं आणि बाहेर जाऊन अंगण झाडायला लागली. अंगण सकाळीच झाडलेलं होतं.

विठ्ठलरावांनी टोपी घातली. कुणाला काही सांगितलं नाही. फाट्यावर जाऊन एसटी धरली. चार महिन्यांत हा माणूस पहिल्यांदा आपल्या मनानं कुठं निघाला होता. अमरनं पिशवीत मशीन घातलं, चालू कसं करायचं ते दाखवलं आणि म्हणाला, "नातू खूश होईन बघा."

"नातवाले नाही," विठ्ठलराव म्हणाले. पुढं बोलायला तोंड उघडलं, पण दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती. ते पिशवी काखेत धरून बाहेर पडले.

सणाच्या दिवशी माजघरात घागर मांडली. सवाष्ण पाटावर बसली. पत्रावळीवर वडे, शेवया, चिंचेची आंबटगोड चिंचोणी. रजत पाणी सोडायला वाकला, तेवढ्यात विठ्ठलराव आतून आले आणि त्यांनी ते निळं मशीन घागरीशेजारी ठेवलं.

"हे काय होय?" इंदुताई ओरडली. "लेकरायचं खेळनं? अन् तेबी कोनाचं वापरलेलं! दादा, तुह्यं डोस्कं ठिकाण्यावर हाय का?"

"तिले पाहिजे होतं," विठ्ठलराव म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं ते पुन्हा म्हणाले, "रजतच्या मायले हे पाहिजे होतं. दिवाळीत मांगतलं तिनं. मी नाही म्हनलं. तिचा जीव यातच होता. सुनेचं काही नाही त्यात. अर्पितानं काहीच केलं नाही."

बोलून झालं आणि ते खाली मान घालून वाट बघत राहिले, आता हसतील म्हणून. कुणी हसलं नाही. सवाष्णीनं पत्रावळीवरचा हात मागं घेतला. इंदुताई घागरीजवळून मागं सरकली.

स्वयंपाकघराच्या दारात अर्पिता उभी होती.

"मामाजी," ती सासऱ्यांना म्हणाली, "तुमाले नदीवरच मालूम होतं?"

"हो."

"मी वाळूत बसली होती, तवा बी?"

"हो."

"मंग बोलले काहून नाही?"

विठ्ठलरावांनी बरंच काही शोधलं. कारण एकच होतं. "लोक हासतीन वाटलं," ते म्हणाले.

अर्पिता ओरडली नाही. दाराला टेकून ती खाली बसली. "मले रोज वाटे," ती म्हणाली, "मीच मारलं आईले." आणि मग तोंडावर पदर घेऊन ती अशी रडली की रजतच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

विठ्ठलराव तिच्याकडं बघत उभे होते. चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांना आत कुठंतरी दुखलं. बायको गेल्याचं ते दुःख नव्हतं, ते अजून यायचंच होतं. या पोरीच्या हातची भाकरी रोज समोर बसून खाल्ली होती आपण, गप्प बसून, ते दुखत होतं. ते भिंतीला धरत धरत दारापर्यंत गेले आणि तिच्याजवळ जमिनीवर बसले.