रेसवरचा पाय

ओल्या मेथीचा आणि अर्धवट जळलेल्या डिझेलचा वास एकत्र आला की माझ्या मनात फाल्गुनातली एक सकाळ उभी राहते. जिंतूरच्या रस्त्याकडेला थांबलेली आमची म्हातारी पिकअप, तिच्या काचेवर उतरलेलं पिवळसर ऊन आणि ड्रायव्हरच्या जागेवर, रेसच्या पेडलवर पाय दाबून बसलेली माझी पत्नी सुमन. गाडी चालवायचो मी. पण थांबलो की ती जागा तिची. पेडलवरचा पाय उचलला की इंजिन थरथरत, धापा टाकत बंद पडायचं, आणि तापलेलं इंजिन पुन्हा सुरू करायला चार माणसांचा धक्का लागायचा. म्हणून चारठाण्याहून भरलेल्या भाजीच्या टोपल्या मी दुकानोदुकानी उतरवायचो आणि तोवर ती इंजिन जागं ठेवायची. दोन वर्षं आमचं असंच चाललं होतं.

गाडीचे लाड मी कमी केले नव्हते. फिल्टर बदलला, टाकी धुतली, वाटेत भेटेल त्या मिस्त्रीकडून रेसचा स्क्रू पिळून घेतला. स्क्रू पिळला की आठवडाभर बरं जायचं, मग पुन्हा तीच थरथर. इंजिन उघडायचं म्हणजे गाडी दोन दिवस उभी राहणार आणि बाजार बुडणार. शिवाय अडतंय कुठे, अशी मी स्वतःची समजूत घालायचो. अडत नव्हतं ते सुमनच्या पायामुळे, हे मात्र एकदाही मनात आलं नाही.

मग एका दुपारी परतताना ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सोमवारपासून मी न्हाई यायची. पाय लय दुखायलाय."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी तिच्या घोट्याकडे पाहिलं, तो चांगलाच सुजलेला होता. लाज वाटली, पण खरं सांगायचं तर लाजेहून भीती अधिक वाटली. मुलं शिकायला बाहेर गेल्यापासून आमचं जे काही बोलणं उरलं होतं, ते त्या केबिनमध्येच व्हायचं. घरी दोघंही थकून भिंतीला टेकायचो. गाडी नीट झाली, तर ती शेजारच्या सीटवर निवांत बसून येईल, असं मी धरून चाललो आणि दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन जिंतूरला हमीदचाचांचं गॅरेज गाठलं.

रेसवर पाय दाबून मी बसलो आणि म्हातारे हमीदचाचा आधी नुसतं ऐकत राहिले. मग चालू इंजिनावर वाकून, चार सिलेंडरांना डिझेल पोचवणाऱ्या नळ्यांची नटं त्यांनी एकेक करून सैल करायला आणि पुन्हा आवळायला सुरुवात केली. पहिलं सैल होताच इंजिन अडखळलं, दुसऱ्यालाही तसंच कण्हलं. तिसरं सैल झालं आणि आवाजात तसूभरही फरक पडला नाही.

"ह्याला सोडलं तरी इंजिनाला खबर न्हाई," पाना फडक्याला पुसत ते म्हणाले, "म्हंजी ह्योच काम करंना गेलाय. गाडी तिघांवरच चालायलीय. ह्याचं काम भाभीच्या पायानं केलंय."

सुमन लिंबाखालच्या बाकावरून ऐकत होती. ती हसली नाही, की माझ्याकडे बघितलंही नाही.

तिसऱ्या सिलेंडरात डिझेल फवारणारा नोझल बदलला आणि उन्हं कलायच्या आत इंजिन कुणाच्याही आधाराविना संथ, एकसुरी चालू लागलं. मी कौतुकाने तिला हाक मारली. तिने बॉनेटवर तळहात टेकवून क्षणभर तो आवाज अनुभवला आणि मोकळा श्वास सोडला.

"बरं झालं. आता तुमी एकटे जाताल."

गाडी बरी होण्याची ती वाट बघत होती, ती शेजारी बसायला नव्हे, उतरायला. मी "हो" म्हणालो. दोन वर्षांनंतर दुसरं काय म्हणायचा मला हक्क होता?

सोमवारी भाजी घेऊन एकटाच पोखर्णीत पोचलो तेव्हा मंदिराकडच्या वाटेवर कोवळं ऊन पसरलं होतं. इंजिन बंद करायला हरकत नव्हती, पण सवयीने चालूच ठेवलं. सुमनला ताटकळावं लागू नये म्हणून दोन वर्षं माझे पाय धावतच आले होते. त्या दिवशीही धावले. दुकानाच्या पायरीवर धाप लागली, टोपलीतली कोथिंबीर सांडली.

"आवो, सावकाश," दुकानदार म्हणाला. "कोन वाट बघायलंय?"

मी वळून केबिनकडे पाहिलं. "कोणी नाही," म्हणालो, आणि दुसरी टोपली आणायला पुन्हा धावतच गेलो.